'कुंकू' : न पटणाऱ्या गोष्टीची गोष्ट

वर्गात कादंबरीचा इतिहास शिकवायला घेतला की एक गोंधळ हमखास व्हायचा. हरी नारायण आपटे आणि नारायण हरी आपटे! मुलं बिचारी एकाचं पुस्तक दुसऱ्याच्या नावावर खपवायची आणि गुण घालवून बसायची. मग मी फळ्यावर दोन रकाने आखायची. डावीकडे हरिभाऊ, जन्म १८६४, मृत्यू १९१९, 'पण लक्षांत कोण घेतो?'. उजवीकडे नारायण हरी, जन्म १८८९, मृत्यू १९७१, सातारा जिल्ह्यातलं कोरेगाव ही कर्मभूमी, आणि पुस्तक 'न पटणारी गोष्ट'. "नाव उलटं, पुस्तक वेगळं" असं पाठ करून घ्यायची. तरी सहामाहीत दोन-चार पेपरांत घोळ असायचाच!

आज लिहायचं आहे ते उजव्या रकान्यातल्या आपट्यांबद्दल. त्यांची 'न पटणारी गोष्ट' ही कादंबरी १९२३ सालची. चौदा वर्षांनी, १९३७ साली, पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने तिच्यावर चित्रपट काढला, 'कुंकू'. दिग्दर्शक व्ही. शांताराम. हिंदीतही तो त्याच वेळी निघाला, 'दुनिया न माने' या नावाने. नायिका शांता आपटे, म्हणजे आपट्यांचा घोळ तिहेरी झाला म्हणायचा!

ही मंडळी एकमेकांना नवखी नव्हती. नारायण हरींच्याच 'भाग्यश्री' कादंबरीवरून प्रभातने १९३४ साली 'अमृतमंथन' काढला होता. त्या काळी आपल्याकडे कादंबरीकार आणि चित्रपट कंपनी यांचं असं सख्य होतं, हे आज जरा विसरायला झालंय.

गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तुमच्यातल्या तरुण मंडळींनी चित्रपट पाहिलेला नसणार. नीरा ही पोरकी मुलगी, मामाकडे वाढलेली. मामा तिचं लग्न फसवून एका विधुर वकिलाशी लावून देतो. हे वकील म्हणजे काकासाहेब, वयाने तिच्या वडिलांसारखे, समाजात मान असलेले, सुधारकी बोलणारे. त्यांना पहिल्या बायकोपासून झालेली नीराच्या बरोबरीची मुलं आहेत. मुलगा पंडित वाह्यात, त्याची नजर या नव्या आईवरच. मुलगी सुशीला मात्र शिकलेली, समाजकार्य करणारी, समजूतदार. घरात एक खाष्ट म्हातारी बाई आहेच. नीरा या लग्नाला उभी राहते खरी, पण काकासाहेबांची बायको म्हणून राहायला साफ नकार देते. रडत नाही, विहिरीत उडी घेत नाही, माहेरी पळत नाही. ती त्याच घरात राहते आणि त्याच घरात 'नाही' म्हणते. हळूहळू काकासाहेबांनाच आपण काय करून बसलो ते उमगतं. शेवटी ते तिला मुलगी मानून मोकळी करतात, पुन्हा लग्न कर असं लिहून ठेवतात आणि स्वतःचं जीवन संपवतात.

हा चित्रपट मी आयुष्यात तीनदा पाहिला. पहिल्यांदा डी.एड.ला असताना मॅटिनीला, दुसऱ्यांदा टीव्हीवर, आणि आता गेल्या महिन्यात नातीबरोबर तिच्या लॅपटॉपवर. जुना चित्रपट आज कितपत उभा राहतो ते पाहायचं असेल तर विशीतल्या पोरीला शेजारी बसवून पाहावा. ती भिडेखातर बरं म्हणत नाही!

आधी नावांबद्दल थोडं बोलते. एकाच गोष्टीची ही तीन नावं मला फार बोलकी वाटतात.

नारायण हरींनी नाव दिलं 'न पटणारी गोष्ट'. किती साधं नाव! घराघरात बोललं जाणारं. 'पटत नाही' हा शब्द आपण नवरा-बायकोबद्दल वापरतो तसाच एखाद्या विचाराबद्दलही वापरतो. ही गोष्ट वाचकांना पटणार नाही, असं लेखक आधीच सांगून टाकतो, थोडं आव्हान दिल्यासारखं.

प्रभातने मराठीत नाव दिलं 'कुंकू'. आता बोट ठेवलं गेलं ते बाईच्या कपाळावर. तेच भाग्य, तेच बंधन. ज्या बाईला नवरा कबूल नाही तिने त्याच्या नावाचं कुंकू लावायचं का? लावलं तर ते कुणाचं? एका शब्दात सगळा पेच आला.

आणि हिंदीत 'दुनिया न माने'. इथे दोष गेला दुनियेकडे. नीरा चुकत नाही, काकासाहेबही शेवटी चुकत नाहीत, पण दुनिया मानत नाही.

वाचक, बाई आणि समाज. तीन नावांनी तिघांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, असं मी गमतीने म्हणते. पण माझ्या मते चौथा आरोपी राहूनच गेला. त्याच्याकडे येतेच.

त्याआधी चित्रपट म्हणून 'कुंकू' आज कसा वाटतो?

मला सर्वांत थक्क करतो तो त्यातला आवाज. 'कुंकू'ला पार्श्वसंगीत नाही! १९३७ साली, जेव्हा बोलपट येऊन जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती आणि गाण्याशिवाय चित्रपट ही कल्पनाच नव्हती, तेव्हा शांताराम आणि संगीतकार केशवराव भोळे यांनी ठरवलं की प्रसंगाबाहेरचं वाद्य वाजवायचं नाही. जे ऐकू येईल ते त्या घरातलं आणि त्या रस्त्यावरचं. गाणी आहेत, शांताराम आठवल्यांनी लिहिलेली, पण तीही प्रसंगातून उगवणारी. नीरा इंग्रजी कविता गाते तेव्हा संगीताला ग्रामोफोनची तबकडी असते. रस्त्यावरचा भिकारी पोरगा गातो तो रस्त्यावर गावं तसं गातो. मास्टर परशुरामचं ते गाणं आजही लोकांच्या ओठांवर आहे, ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासुद्धा. हल्लीच्या मालिकांत सासूने नुसती मान वळवली तरी तीन वेळा ढोल वाजतो. त्यानंतर 'कुंकू' पाहा, कानाला विसावा मिळतो.

शांततेचा एक उपयोग असा की घरातल्या वस्तू बोलायला लागतात. भिंतीवरचं घड्याळ हे काकासाहेबांच्या घरातलं जणू एक पात्रच आहे. वय झालेल्या माणसाला घड्याळाची टिकटिक कशी ऐकू येते ते मला सत्तरी ओलांडल्यावर जास्त कळतं! आरसा आहे, फुटलेल्या काचेच्या तुकड्यातुकड्यांतून दिसणारे चेहरे आहेत. केसांना कलप लावून तरुण दिसण्याची धडपड आहे. तिशीच्या दशकात आपल्या लोकांनी जर्मन चित्रपट डोळसपणे पाहिले होते आणि नक्कल न करता ते आपल्या वाड्यात आणले होते. माझी नात ॲनिमेशन शिकते, ती त्या आरशाच्या प्रसंगाला थांबवून थांबवून पाहत होती. "आजी, हे कॉम्प्युटरशिवाय केलंय?" म्हणाली. मला उगाचच अभिमान वाटला, जणू मीच केलंय!

दुसरी टिकलेली गोष्ट म्हणजे केशवराव दाते. 'आंधळ्यांची शाळा' या १९३३ च्या नाटकाने मराठी रंगभूमीवर नवा, संयत अभिनय आणला, त्यातले हे दाते. गंमत म्हणजे चित्रपटातला हा 'म्हातारा' साकारताना त्यांचं स्वतःचं वय ४८ च्या आसपास होतं. आजच्या हिशेबाने चित्रपटातला नायक शोभला असता! त्यांनी काकासाहेबांना खलनायक केलं नाही, हे त्यांचं मोठेपण. हा माणूस हपापलेला आहे, पण दुष्ट नाही. त्याला खरोखरच वाटतं की आपण काही गैर केलेलं नाही. समाजात सगळेच करतात, कायदा आपल्या बाजूने आहे, पैसा दिलाय, मंत्र म्हटलेत. मग ही मुलगी का ऐकत नाही? हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर इतका प्रामाणिकपणे उमटतो की आपल्याला राग येता येता कीव येते. चांगला माणूस वाईट रूढीच्या आधारावर किती आरामात उभा असतो, आणि तो आधार सरकला की कसा कोसळतो, हे दात्यांनी दाखवलं.

आणि शांता आपटे. तेव्हा त्या विशी ओलांडलेल्या होत्या. त्यांची नीरा बोलते तशीच गप्पही बसते, आणि तिचं गप्प बसणं जास्त बोचतं. वाह्यात सावत्र मुलाला ती छडीने फोडून काढते, तो प्रसंग तेव्हा थिएटरात काय गाजला असेल! या बाई पडद्याबाहेरही तशाच. करारावरून कंपनीशी वाद झाला तेव्हा १९३९ साली त्या प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. १९४० साली 'जाऊ मी सिनेमांत?' नावाचं पुस्तक लिहून चित्रपटसृष्टी बाईला कशी वागवते ते सांगितलं. १९६४ साली त्या गेल्या. नीरा त्यांनी नुसती वठवली नव्हती, असंच म्हणावंसं वाटतं.

सुशीलाच्या भूमिकेत शकुंतला परांजपे आहेत. रँग्लर परांजप्यांची मुलगी, स्वतः केंब्रिजला गणित शिकलेली. पुढे आयुष्यभर त्यांनी कुटुंबनियोजनाचं काम केलं, र. धों. कर्व्यांच्या विचारांचा वसा चालवला, राज्यसभेवर गेल्या, १९९१ साली पद्मभूषण झाल्या. सई परांजपे त्यांची लेक. शिकलेल्या, निर्भीड मुलीचं काम खरोखरच तशा बाईला द्यावं, ही शांतारामांची नजर.

आता जे टिकलं नाही तेही सांगायला हवं. नुसती आरती ओवाळायची तर लिहू कशाला?

सुशीलाची वाक्यं कधी कधी व्यासपीठावरची वाटतात. पंडितचा वाईटपणा एकसुरी आहे. त्याला वाह्यातपणाशिवाय दुसरं कामच नाही. घरातल्या म्हातारीच्या कजागपणावर हसू आणण्याचा प्रयत्न आहे, तो मला आता हसवत नाही. ती म्हातारीसुद्धा कधीतरी कुणाची तरी नीरा असेल, हा विचार चित्रपटाला सुचत नाही. नीराची ती इंग्रजी कविता, लाँगफेलोची 'ए साम ऑफ लाइफ', आज कानाला जरा विचित्र लागते. माझी नात तर फिसकन हसली. पण तिला सांगावं लागलं की त्या काळी इंग्रजी कविता म्हणू शकणारी मुलगी म्हणजे 'मला जग माहीत आहे' असं सांगणारी मुलगी. तेव्हा प्रेक्षकांना ते हसण्यासारखं वाटलं नसेल, धीटपणाचं वाटलं असेल.

आणि शेवट. शेवटाबद्दलच माझ्या नातीचा खरा आक्षेप होता.

"अगं आजी, पण त्याने मरायचं काय कारण? आणि ती मुळात सरळ निघून का गेली नाही? दोघांनाही कळलंय ना की हे लग्न चुकीचं आहे, मग मोडायचं की!"

डी.एड.च्या वर्षांत मलाही शेवट असाच वाटला होता. फार रडका, फार सोयीस्कर. लेखकाला नायिका तर मोकळी करायची आहे, पण तिने नवरा सोडला असं दाखवायचं धाडस नाही, म्हणून म्हाताऱ्याला मारलं झालं. पुष्कळ लोक आजही असंच म्हणतात. पण इतिहास नीट मांडून पाहिला की वेगळंच दिसतं. नातीला मी जे सांगितलं तेच इथे लिहिते, जरा सविस्तर.

मंडळी, १९३७ साली मुंबई इलाख्यातल्या काकासाहेब आणि नीरा यांना घटस्फोट घेण्याचा कायदाच नव्हता! धर्मशास्त्राप्रमाणे लागलेलं हिंदू लग्न हा संस्कार, तो मोडत नाही. नवऱ्याने छळलं तरी नाही, फसवून लग्न लावलं आणि ते उशिरा कळलं तरी बहुधा नाहीच. आणि दोघांनी समजुतीने ठरवलं तरी मुळीच नाही. नवरा दुसरी बायको करू शकत होता, पण बाई सुटू शकत नव्हती. हा माझा चौथा आरोपी. कायदा!

यात एक गोष्ट नमूद करायला हवी, नाहीतर अर्धं चित्र दिसेल. हे सगळं काकासाहेबांसारख्या पांढरपेशा, उच्चवर्णीय घरांबद्दल आहे. आपल्याकडच्या कितीतरी जातींमध्ये काडीमोड होत असे, पाट लागत असे, आणि जातपंचायतीच्या त्या रिवाजाला कोर्टही बहुधा मान्यता देई. म्हणजे शेतात राबणाऱ्या बाईला जी वाट होती ती वकिलाच्या बायकोला नव्हती. शिक्षण, अब्रू, माडीचं घर हे सगळं असून दार मात्र बंद! 'कुंकू' हा त्या बंद दाराचा चित्रपट आहे.

हे दार किती वर्षं बंद होतं ते आपल्याच साहित्यातून पाहता येतं. हरिभाऊंच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' मधली यमू विधवा होते, तिचं केशवपन होतं आणि ती मरते. तिला काहीच वाट नाही. १८९९ साली गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' आलं. तिथे जख्ख म्हातारा भुजंगनाथ, पैशासाठी पोरीला विकणारा बाप कांचनभट, आणि ऐन लग्नात 'सगोत्र आहेत' म्हणून लग्न थांबवणारा कोदंड. शारदा सुटते, कारण लग्नाचा विधी पुरा झालेला नाही आणि शंकराचार्यांचा निर्णय तिच्या बाजूने लागतो. म्हणजे सुटकेची किल्ली धर्मपीठाच्या हातात. उत्तरेकडे प्रेमचंदांनी १९२५-२६ च्या सुमारास 'निर्मला' लिहिली. तिथेही म्हातारा वकील नवरा आहे, मोठाले सावत्र मुलगे आहेत. त्यांची निर्मला सगळं सोसते आणि शेवटी मरते. 'दुनिया न माने' मध्ये नीराचं नाव निर्मला आहे, पण ती सोसत नाही आणि मरतही नाही. एकाच नावाच्या दोन बायका, पण केवढा फरक!

पुस्तकांबाहेरही हेच चाललं होतं. रखमाबाईंची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. लहानपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जायला नकार दिला. नवऱ्याने १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८७ साली निकाल झाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाते! शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या. म्हणजे 'माझ्या संमतीशिवाय झालेलं लग्न मी मानत नाही' असं नीराच्या पन्नास वर्षं आधी एका खऱ्याखुऱ्या मराठी बाईने कोर्टात सांगितलं होतं. अशा दाव्यात तुरुंगात टाकण्याची तरतूद रद्द झाली ती १९२३ साली. वर्ष लक्षात घ्या, 'न पटणारी गोष्ट' प्रसिद्ध झाली तेच!

मग १९२९ चा शारदा कायदा आला. (नाटकातल्या शारदेशी त्याचा संबंध नाही, हरबिलास सारडा यांच्या नावावरून आहे. हाही परीक्षेतला एक ठरलेला घोळ!) त्याने मुलीचं लग्नाचं वय १४ आणि मुलाचं १८ ठरवलं. पण नीराला त्याचा काय उपयोग? ती लहान मूल नव्हती. दोघांच्या वयात किती अंतर असावं याबद्दल कायदा गप्प. मुलीला विचारलं का, याबद्दलही गप्प.

१९३७ सालीच आणखी एक कायदा झाला, हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने, पण फक्त हयातीपुरता, वाटा देणारा. आणि १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याप्रमाणे पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जायचा. आता काकासाहेबांचा शेवट या उजेडात पाहा. ते वकील आहेत! सगळे कायदे त्यांना पाठ आहेत. ज्या दिवशी त्यांना मनापासून वाटलं की या मुलीला मोकळं करायला हवं, त्या दिवशी कायद्याच्या पुस्तकात त्यांना एकच दार सापडलं, विधवाविवाहाचं. त्या दारातून नीरा जायची असेल तर आधी ती विधवा व्हायला हवी. आणि ती विधवा व्हायची असेल तर...

म्हणून मला आता तो शेवट रडका वाटत नाही, भयंकर वाटतो. बायकोला सोडचिठ्ठी देता येत नाही म्हणून नवऱ्याला जगाला सोडचिठ्ठी द्यावी लागते. जीव देणं हा मार्ग नव्हेच, आणि चित्रपट त्याला उदात्त रंग देतो हे मला आजही खटकतं. पण शेवट सोयीस्कर आहे हा आरोप मात्र मी मागे घ्यायला लावीन. तो शेवट म्हणजे त्या वेळच्या कायद्याचा बिनचूक हिशेब आहे.

दार उघडलं ते पुढे, आणि तेही एकदम नाही, किलकिलं होत होत. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९३१ सालीच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला होता. म्हणजे काकासाहेब बडोद्यात वकिली करत असते तर निदान कोर्टाची पायरी तरी चढता आली असती! मुंबई इलाख्यात तो १९४७ साली झाला, चित्रपटानंतर दहा वर्षांनी. सबंध देशासाठी १९५५ चा हिंदू विवाह कायदा झाला. पण त्यातही कुणा एकाचा दोष सिद्ध करावा लागायचा. 'आमचं पटत नाही, आम्ही दोघं समजुतीने वेगळे होतो' हे म्हणायची सोय झाली १९७६ च्या दुरुस्तीने. परस्पर संमतीचा घटस्फोट.

१९७६! मी तेव्हा नोकरीला लागलेली होते. 'पटत नाही' हे लग्न संपवायला पुरेसं कारण आहे, असं नारायण हरींच्या कादंबरीच्या नावातच सुचलं होतं १९२३ साली. कायद्याला ते पटायला त्रेपन्न वर्षं लागली. काकासाहेब आणि नीरा यांची शेवटच्या भागातली अवस्था म्हणजे दुसरं काय आहे? दोघंही एकमेकांशी अखेर खरं बोलली आहेत, राग गेला आहे, दोघांनाही कळलंय की हे लग्न नव्हेच. आजच्या कौटुंबिक न्यायालयातलं अगदी साधं प्रकरण! एक अर्ज, दोन सह्या, काही महिन्यांची वाट. कुणी मरत नाही.

हे ऐकल्यावर नात थोडा वेळ गप्प बसली. मग तिने जो प्रश्न विचारला त्याने मीच गप्प झाले.

"पण आजी, घटस्फोटाचं ठीक. ती त्याच घरात राहून त्याला 'नाही' म्हणते, त्याचं काय? त्या 'नाही'ला आज कायदा आहे का?"

उत्तर सरळ नाही. नांदायला येण्याचा हुकूम मागण्याची तरतूद १९५५ च्या कायद्यात कलम ९ म्हणून आजही आहे. १९८३ साली आंध्रच्या हायकोर्टाने ती घटनाबाह्य ठरवली, पण १९८४ साली सुप्रीम कोर्टाने ती वैध ठरवली. आणि सज्ञान बायकोच्या इच्छेविरुद्ध नवऱ्याने केलेली जबरदस्ती हा बलात्कार मानायचा नाही, हा जुन्या दंडसंहितेतला अपवाद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. छळाचे, कौटुंबिक हिंसाचाराचे कायदे आहेत, त्यांचा आधार बाईला घेता येतो. पण नीराच्या त्या साध्या, खणखणीत 'नाही'ला स्वतःचं असं नाव कायद्यात अजून मिळालेलं नाही.

तेव्हा 'कुंकू' आज टिकतो का? माझ्यापुरतं उत्तर असं. चित्रपटाचा जो भाग आज आपल्याला जुना वाटतो, म्हणजे शेवट, तो जुना झाला हे आपलं भाग्य. त्या शेवटाची गरज संपावी म्हणून लोक झगडले, रखमाबाईंपासून हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या डॉ. आंबेडकरांपर्यंत. आणि चित्रपटाचा जो भाग आजही ताजा वाटतो, म्हणजे बंद दाराआड नवऱ्याला नकार देणारी नीरा, तो ताजा राहिला हे मात्र भूषण म्हणता येत नाही. चित्रपट टिकला याचा आनंद मानायचा, पण कशामुळे टिकला तेही पाहायचं.

प्रभात स्टुडिओच्या त्या जागेत १९६० सालापासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तुम्हा पुणेकरांना सांगायला नको. नारायण हरींचं नाव मात्र आता कुणी फारसं घेत नाही. हरिभाऊंच्या नावाशी झालेला घोळ काढायलासुद्धा आता वर्गात तेवढा वेळ नसतो म्हणे!

'कुंकू' यूट्यूबवर आहे. छापा धूसर आहे, आवाज मधूनमधून खरखरतो, पण पाहा. जमलं तर घरातल्या लेकीसुनांना, नाती-नातवांना शेजारी बसवून पाहा. आणि घरातल्या काकासाहेबांनाही बसवा. त्यांना काय वाटलं ते ऐकायला मला जास्त आवडेल.